मुळावरची तारीख

हे लिहायला मुलीनं परवानगी दिली ती एका अटीवर: तिची जन्मतारीख कुठंही छापायची नाही. "आई, निम्म्या लोकांचा पासवर्ड जन्मतारीखच असतो," असं तिचं म्हणणं. "आणि तुझा?" असं विचारलं तर उत्तर दिलं नाही. म्हणजे तिचाही तोच असणार.

पण ही सगळी हकिकतच त्या तारखेची. तारीख गाळून सांगायची म्हणजे मिठाशिवाय आमटी. शेवटी तोडगा तिनंच काढला. दिवस, महिना आणि साल एकापुढं एक लिहिलं की जी मोठी संख्या होते, अगदी तिच्याच घडणीची दुसरी एक संख्या तिनं मला करून दिली: ६२६१५५३३. सहा कोटी सव्वीस लाख पंधरा हजार पाचशे तेहतीस. ही तारीख म्हणून वाचली तर एकसष्टाव्या महिन्याची बासष्ट तारीख, साल पाच हजार पाचशे तेहतीस. तेव्हा कुणाच्याही पासवर्डला धोका नाही. पुढं जिथं जिथं तिच्या तारखेचा आकडा येईल, तिथं मी हाच घालणार आहे. बोलणारी माणसं खरं तर दुसराच आकडा बोलली होती, एवढाच काय तो फरक.

मी राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात नंबर लावण्याचं काम करते. कोण आधी, कोण नंतर, कुणाला उपाशीपोटी बोलवायचं, कुणाचे रिपोर्ट यायचेत, हे सगळं यादीत असतं. घरीही तसंच. मला विसराळू माणसांचा राग येत नाही, यादी न करणाऱ्यांचा येतो. नवरा म्हणतो, तुझ्या याद्यांचीसुद्धा एक यादी आहे. ती आहेच. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली.

मुलगी पाचवीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत तिनं "कंटाळा आला" हे वाक्य दिवसाला वीसदा म्हणायला सुरुवात केली. मी तिला काम लावलं. शाळेत नुकत्याच मूळ संख्या शिकवल्या होत्या. जिला एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय दुसऱ्या कुठल्याच संख्येनं पूर्ण भाग जात नाही ती मूळ, आणि कुणी ना कुणी पूर्ण भागणारा भेटला की ती संयुक्त. मी म्हटलं, तुझी जन्मतारीख सलग लिही आणि ती मूळ की संयुक्त ते शोध.

पद्धत अर्थातच मी आखून दिली. पाढ्यांच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर मूळ संख्यांचा तक्ता होता. त्यातली एकेक संख्या घ्यायची, भागायचं, बाकी उरली की पुढं खूण करायची. दोन लगेच बाद, कारण शेवटी तीन. पाचही बाद. तीनसाठी आकड्यांची बेरीज केली, एकतीस आली, तीनही बाद. सातपासून खरा घाम. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "एकोणीस झाले का?" आणि ती बाहेरून ओरडायची, "झाले! बाकी उरली!" दोन दुपारी पोर हूं की चूं न करता बसली. पंचवीस खुणा झाल्या, पान संपलं आणि मी वहीत तिच्या नावापुढं लिहून टाकलं: जन्मतारीख मूळ.

त्या दिवसापासून बाईसाहेबांचा रुबाब बघण्यासारखा. "मला कुणी भागू शकत नाही!" हे ती धाकट्या चुलतभावंडांना सांगायची. पुढं तिनं गणितच घेतलं, एमएस्सी केली आणि आमच्याच गल्लीपलीकडच्या एका क्लासमध्ये शिकवायला लागली. हजारो पोरांना मूळ संख्या शिकवल्या. स्वतःची तारीख मात्र पुन्हा तपासली नाही. आईनं यादीत लिहिलेलं कोण तपासतं?

त्याच क्लासमध्ये पदार्थविज्ञान शिकवणारा एक मुलगा होता. दोघांचं आपापसांत ठरल्यावर मला कळलं. मुलगी तिशी ओलांडलेली होती. मी यादीत "स्थळं" हे पान वाढवून वाढवून थकले होते, त्यामुळं मी फक्त तारीख आणि वेळ विचारली.

मुलगा कुरुंदवाडचा. घरी ऊस, चार म्हशी. वडील जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. आई लहानपणीच गेली, म्हणून वाढवलं ते आत्यानं. ती नृसिंहवाडीला दिलेली, पण भावाच्या घरी तिचा शब्द अखेरचा. दोन्हीकडून आधीच ठरलं होतं: पत्रिका बघायची नाही, मानपान नाही. आत्यानं याला होकार दिला होता, पण तो कसा दिला असेल, हे मला ती दारातून आत आली तेव्हाच कळलं. चप्पल काढता काढता तिनं आमच्या देव्हाऱ्याची दिशा पाहून घेतली.

माझी त्या दिवसाची यादी अठरा कलमी होती. नवरा नेहमीप्रमाणं "तू म्हणशील तसं" या पदावर. मंडळी बसली. आत्याबाई मोठ्या आवाजाच्या आणि मोकळ्या.

"काय पावणं, तुमचं मूळ कुठलं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"मूळ आमचं कागलकडचं."

"आन् पोरीचा जन्म?"

"हितलाच, कोल्हापूरचा," नवरा म्हणाला.

"तारीक कुठली?"

मुलीनं तारीख सांगितली. वर, दुसरी कुठली मुलगी अशा वेळी सांगणार नाही ते हसत हसत सांगितलं. "आणि आत्या, माझी तारीख मूळ आहे बरं का!"

नेमका यादीतल्या नवव्या कलमाचा, म्हणजे चहाचा, टाइम झाला होता. मी म्हटलं, "चल, चहा आण," आणि तिला आत पिटाळलं. मुलाच्या वडिलांनी तेवढ्यात खिशातली डायरी काढून काहीतरी टिपलं. आत्यांचा आवाज मात्र एकदम उतरला. चहा घेतला, दुसरा लाडू घेतला नाही. निघताना मी ओटी भरली तेव्हा त्या मुलीकडं असं बघत होत्या, जसं आपण चांगल्या साडीला पडलेल्या डागाकडं बघतो.

दोन दिवसांनी दवाखान्यात असतानाच त्यांचा फोन आला.

"ताई, पोरगी ग्वाड हाय. शिकल्याली हाय. माझी काय तक्रार न्हाय. पर मुळावरची हाय."

"काय?"

"तिनं सोताच्या तोंडानं सांगिटलं की. मूळ नक्षत्रावरची सून सासऱ्याच्या जिवावर येती म्हंत्यात. आन् माझा एकच भाऊ हाय."

समोर सात पेशंट बसलेले. मी आवाज खाली घेऊन समजावायला लागले, "अहो, ते नक्षत्र नव्हे. मूळ संख्या. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून दुसरे अवयव नसतात..."

"अवयव न्हाईत?" आत्या ओरडल्या. "ताई, हातपाय तर मी माझ्या डोळ्यांनी बघितलं! सगळं जागच्या जागी हाय."

बाकावरच्या सातही पेशंटनी हा संवाद ऐकला. मी जेवढं समजावत गेले तेवढी गुंतागुंत वाढली. मूळ म्हणजे मूळच, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "मी काय म्हणतो ताई, वाद कशाला? पत्रिका दावा. मूळ नसंल तर मी माझ्या हातानं सुपारी फोडतो."

संध्याकाळी मुलीला हे सांगितलं तर आधी ती पोट धरून हसली. मग पत्रिकेचं सांगितलं आणि हसणं थांबलं.

"पत्रिका दाखवायची नाही."

"अगं, एवढ्यावरनं..."

"ठरलं होतं आपलं."

आता इथं माझं एक पाप सांगते. जन्मवेळ माझ्या वहीत होतीच, मिनिटासकट. जुन्या सालचं पंचांग हल्ली फोनवर मिळतं. मी बाथरूममध्ये जाऊन पाहिलं. नक्षत्र मूळ नव्हतं. जवळपासही नव्हतं. कुठलं होतं ते सांगत नाही, नाही तर तारीख कळेल. म्हणजे एक फोन केला की सगळं मिटत होतं. मी मोठ्या उत्साहानं बाहेर येऊन मुलीला तसं सांगितलं.

ती म्हणाली, "आई, नक्षत्र मूळ नाही म्हणून लग्न झालं, तर त्याचा अर्थ, असतं तर झालं नसतं. मग माझ्यात बघण्यासारखं काय राहिलं? तू फोन करायचा नाहीस."

"आणि मोडलं तर?"

"तर मोडलं," ती म्हणाली. पण हे म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

पुढचे दहा-बारा दिवस वाईट गेले. मुलगा तिकडं आत्याशी रोज वाद घालत होता. त्याचं म्हणणं, लग्न करीन तर हिच्याशीच, पण जिनं वाढवलं तिला रडवून करायचं नाही. मुलीचंही तेच. दोघंही इतकी समंजस की चिडावं तर कुणावर, हा प्रश्न. क्लासहून आली की ती पेपर तपासत बसायची. एकदा मी डोकावून पाहिलं तर एकाच पेपरवर अर्धा तास. मी यादीत "साखरपुडा" या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. शाई वापरायचा धीर झाला नाही.

"तिकडं मामंजी काय म्हणतात?" मी एकदा विचारलं.

"ते काहीच म्हणत नाहीत. म्हणे, कागदावर काहीतरी मांडून बसलेत."

आणि एका रविवारी सकाळी मुलाचे वडील आणि आत्या, दोघं बसनं येऊन न सांगता दारात उभे. आत्यांच्या हातात पिशवीभर नदीकाठची वांगी. चेहरा मात्र वाटाघाटीचा. माझ्याकडं कुठलीही यादी नाही, घरात दूध नाही, नवरा बनियनवर. मुलगी केस धुऊन बाहेर आली आणि थबकली.

"बस पोरी," मुलाचे वडील म्हणाले. "तुझी तारीक मोजून आनलीया."

त्यांनी चार घड्यांचा कागद उलगडला. मोजणी खात्यात हयात गेलेली, त्यामुळं त्यांना कुठलाही आकडा दिसला की तो जमिनीचा तुकडा दिसतो. मुलीची तारीख त्यांनी चौरस फूट धरली होती.

"सहा कोटी सव्वीस लाख पंधरा हजार पाचशे तेहतीस," त्यांनी एकेक शब्द वाचला. "म्हटलं, एवढ्या जमिनीचा चौकोनी तुकडा कराय गेलं तर बाजू किती यील? वर्गमूळ काढत बसलो. सात हजार नवशे तेरा फूट बाजू धरली, तर जमीन थोडी कमी पडाय लागली. किती कमी? छत्तीस चौरस फूट."

"छत्तीसचा आकडा!" आत्या पुटपुटल्या. "मी म्हटलं नव्हतं?"

"ऐक की आक्का. छत्तीस म्हंजी सहा गुणिले सहा. म्हंजी काय, चौकोनी रान, आन् एका कोपऱ्यात सहा बाय सहाची विहीर. विहीर आपली न्हाय, बाकी सगळं आपलं." त्यांनी बोट कागदावर सरकवलं. "आता विहिरीच्या रांगंतली सहा फुटी पट्टी कापायची, आन् उचलून शेजारच्या बाजूला आडवीची उभी लावायची. विहीर गायब. नीट आयताकृती रान. एक बाजू सहानं घटली, एक सहानं वाढली. सात हजार नऊशे सात गुणिले सात हजार नऊशे एकोणीस. पोरी, ही तारीक मूळ न्हाय. हिला भाग जातोय."

मुलीनं कागद ओढून घेतला. पेन्सिल मागितली. आम्ही चौघं बसलो होतो आणि ती गुणाकार करत होती. मी तिला एवढी लाल झालेली यापूर्वी फक्त तापात पाहिली आहे. उत्तर जुळलं. तिनं पुन्हा केलं. पुन्हा जुळलं.

"संयुक्त आहे," ती हळूच म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आई! आपण कुठपर्यंत भागलं होतं?"

मला ते पान स्वच्छ आठवलं. "सत्त्याण्णव."

"सत्त्याण्णव? आई, वर्गमूळापर्यंत जायचं असतं! अशा संख्येला सात हजार नऊशेच्या वर जावं लागतं. नऊशे नव्व्याण्णव मूळ संख्या. तू पंचवीसवर का थांबलीस?"

"पान संपलं," मी म्हटलं.

नवरा एवढा हसला की त्याला ठसका लागला. तीस वर्षं तो माझ्या याद्यांमध्ये एखादी चूक शोधत होता. मुलगी हसू की रडू अशा अवस्थेत. "इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगतेय! एमएस्सीच्या तोंडी परीक्षेतसुद्धा सांगितलं. आणि ते सरही मान हलवून 'वा' म्हणाले!" मग शिकवण्याची सवय, थांबवेना. "म्हणजे विषम. संयुक्त. दोनच मूळ अवयव. आणि न्यून, कारण तिला भागणाऱ्या लहान संख्यांची बेरीज, एक अधिक सात हजार नऊशे सात अधिक सात हजार नऊशे एकोणीस, पंधरा हजार आठशे सत्तावीस, म्हणजे संख्येच्या पासंगालाही पुरत नाही."

"न्यून आमी काढल्यालं न्हाय हां," आत्या लगेच म्हणाल्या. "तुझं तूच काढलंस." मग त्या पुढं सरकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर बारा दिवसांनी रंग आलेला. "ते ऱ्हाऊ दे. एकच सांग. म्हंजी मूळ न्हाय की?"

मुलाच्या वडिलांनी मुलीकडं पाहिलं. त्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं: न्हाय म्हण आणि मोकळी हो. एवढ्यासाठीच तर ते बारा दिवस कागदावर बसले होते. आणि ते खोटंही नव्हतं. मी मनात म्हणत होते, म्हण बाई, म्हण.

मुलीनं पेन्सिल खाली ठेवली.

"आत्या, तारखेची संख्या मूळ नाही. ती चूक आमची. पण तुम्ही विचारताय ते नक्षत्र. त्याचं मी सांगणार नाही. मूळ असलं काय, नसलं काय, मी तीच. तुम्हाला फसवून तुमच्या घरात यायचं नाही मला."

मी डोळे मिटले. बाथरूममधल्या माझ्या पंचांगाचं ओझं जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

"आक्का," मुलाचे वडील म्हणाले, "सासरा मी होणार. जिवावर यायचं तर माझ्या येणार. मी भितोय का? न्हाय. मग तू कशाला?"

"तुला काय कळतंय? तुझ्यासाठीच भितो नव्हं मी!" आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पदरानं ते पुसून त्या मुलीकडं बघत राहिल्या. यावेळी साडीवरच्या डागासारखं नाही. "लबाड बोलली असतीस तरी चाललं असतं की गं. मला काय कळणार होतं?"

"म्हणून तर नाही बोलले."

"हूं." आत्यांनी वांग्यांची पिशवी उगाचच इकडची तिकडं केली. "मग माझं ऐक. मी बाई देवाधर्माची. घरी जाऊन पंचांग बघणार म्हंजी बघणार. तुझी तारीक मला पाठ हाय. जे काय निघंल ते माझं मी बघीन, अभिषेक करायचा तर करीन. पर तुला सांगणार न्हाय, आन् तुला अडवणार बी न्हाय. चालंल?"

मुलीनं थोडा विचार केला. "चालेल."

"आन् पत्रिकेत छत्तीस गुण लागत्यात," मुलाचे वडील कागदाची घडी घालत म्हणाले. "हितं छत्तीसच्या छत्तीस निघालं. कमी पडल्यालं का असंनात."

"लई शाना हाईस," आत्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या. मग माझ्याकडं वळल्या. "ओ ईनबाई, बसलाय काय? वांगी भरून करा, आज जेवूनच जातो. आन् सुपारीची तारीक काढा."

ताई म्हणत होत्या त्या एकदम ईनबाई म्हणाल्या, हे मला वांगी चिरायला घेतल्यावर लक्षात आलं. जेवणानंतर पुढच्या महिन्यातला एक दिवस ठरला. आत्यांनी बोट उगारून मुलीला बजावलं, "आता ह्या तारकंबद्दल तोंडातनं एक शब्द काढायचा न्हाय. मूळ न्हाय, खोड न्हाय, फांदी न्हाय."

"नाही काढत," मुलगी शहाण्यासारखी म्हणाली. तोंड मिटलेलं होतं. ओढणीच्या आड मात्र बोटं चालू होती. सुपारीच्या तारखेच्या आकड्यांची बेरीज करत होती, तीननं भाग जातो का ते बघायला.